केतकीच्या तळहातावरची माशी

कार्तिकातल्या कोवळ्या उन्हात केतकीच्या बोटांना पिकल्या केळ्याचा वास येई. आमच्या कॉलेजातल्या फळमाश्यांच्या खोलीत ते ऊन तिच्या मनगटावर उतरलं, की तेही जणू हलायचं थांबे.

काम नाजूक होतं. जिवंत फळमाशीच्या आतलं एमआरआयच्या चित्रात पाहायचं, तर माशी मरूही नये आणि हलूही नये. जराशी हलली तरी चित्र धुरकट. म्हणून तिला बर्फावर निजवायचं आणि तांदळाच्या दाण्याहून लहान तो देह मऊ कुंचल्यानं काचेच्या बारीक नळीत सरकवायचा. यंत्र दुसऱ्या शहरातल्या संस्थेत होतं आणि तिथे जायला जागा एकच. जिच्या माश्या नळीतून निघून पुन्हा चालतील, ती जाईल, असं मॅडमनी सांगितलं होतं.

माझ्या माश्या उठत नसत. अजून जरा गार, अजून जरा, असं करत मी त्यांना झोपेच्या पलीकडे नेऊन सोडी. केतकी मात्र निजलेली माशी तळहातावर घेऊन नुसती बसे. "उठ ना ग बाई, टावरखालच्या गाडीवरचे पोहे संपतील," ती माशीला म्हणे, आणि माशी पाय हलवी. सगळे हसत. मीही हसे, आणि आत कुठेतरी जळत राही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आई भैरवगढला कापडावर ठप्पे मारते. तिचा हात आपल्याला आला असेल, एवढाच मला आधार. एका दुपारी केतकी घरी आली आणि गंमत म्हणून तिनं ठप्पा उचलला. वेलीला वेल अशी जुळली की सांधा दिसेना.

"हिचा हात ठहरलेला आहे," आई म्हणाली. "तुझी आपली नेहमी गडबड, बाळा."

मॅडमनी केतकीचं नाव नंतर सांगितलं. मी त्या दुपारीच हरले होते.

आता ती तिथे आहे. काल मोबाइलवर तिनं चित्र पाठवलं. हिवाळ्यात आमच्या नदीवरच्या राम घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्यातून दिसाव्यात, तसे करड्या अंधारात माशीचे डोळे, मेंदू, पोट. पाठीलगत मात्र एक पुसट पट्टा. 'ते हृदय,' तिनं लिहिलं होतं. 'बाकी सगळी माशी झोपते, ते थांबत नाही ना, म्हणून तेवढंच नीट येत नाही. तू हवी होतीस इथे.'

मी अजून उत्तर दिलेलं नाही. दिवस जातात तशी ती माझ्या आठवणीत अधिकच रेखीव होते आहे, तिची झुकलेली मान, तिचं ते शांत वाट पाहणं. पुसट राहते ती फक्त तिच्याशेजारची माझी जागा, कारण तिथे काहीतरी अजून थांबायला तयार नाही.