गोळ्यांची वाटणी

पहूर गावात भाऊबंदकीचं भांडण कोर्टात जाण्याआधी चुडामणच्या ओट्यावर यायचं. कोर्टाला तारखा लागतात, चुडामणला एक कप चहा पुरायचा. शेताचा बांध असो, विहिरीच्या पाण्याची पाळी असो, की बापामागं उरलेली एकुलती एक म्हैस असो, तो वाटणी अशी करायचा की दोन्ही भाऊ सारखेच नाराज होऊन घरी जायचे. दोघं सारखेच नाराज म्हणजे वाटणी बरोबर, असा गावाचा साधा हिशेब. एकदा त्यानं स्वतःच्या सख्ख्या मेहुण्याच्या वाट्याला खडकाळ पट्टी टाकली, तेव्हा बायको पुष्पाबाई महिनाभर त्याच्याशी धड बोलली नव्हती. सांगायचा मुद्दा हा की माणूस लबाड नव्हता. लबाड असता तर ही गोष्ट सांगण्यात काही राम नव्हता. लबाडाला लाज कसली?

त्याच्या भिंतीला भिंत लागून गिरधरचं घर. गिरधर त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, मोकळ्या मनाचा, आणि तोंडाला कुलूप कसं घालतात हे न शिकलेला माणूस. दोघांच्या केळीही बांधाला बांध लागून, आणि नशिबाची थट्टा बघा, दुखणंही दोघांना एकच लागलं. आधी रक्तदाब, मग पायांवर सूज, मग जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं की किडन्या हळूहळू निकामी होत चालल्या आहेत. साल चौऱ्याण्णव. डायलिसिस म्हणजे मुंबई-पुण्याची गोष्ट, आणि ती परवडणारा माणूस अख्ख्या तालुक्यात शोधावा लागला असता. चुडामणचा बाप असाच सुजून, धाप लागून गेला होता. शेवटच्या आठवड्यात त्याला स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नव्हतं. ते मरण चुडामणनं उशाशी बसून पाहिलं होतं, आणि तेच आपल्यालाही येणार या भीतीनं तो रात्री उठून पायांची सूज चाचपायचा.

म्हणूनच जळगावच्या दवाखान्यात मुंबईचे डॉक्टर एक अभ्यास सुरू करताहेत असं कळल्यावर दोघं पहिल्या एस.टी.नं निघाले. डॉक्टरांनी सगळ्या रोग्यांना बाकांवर बसवून नीट समजावलं. "एक औषध आहे. ते किडनीची पडझड रोखतं का, हे आम्ही तपासतोय. निम्म्या लोकांना खरी गोळी मिळेल. निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाची कुठली हे वर्षभर कुणालाच कळणार नाही, इथल्या नर्सलाही नाही. पटलं तर थांबा, नाही पटलं तर आपलं नेहमीचं औषध चालूच राहील."

"म्हंजे पंगतीत बठ्ठ्याईले, समद्याईले बसवायचं," गिरधर मोठ्यानं म्हणाला, "अन् निम्म्याईच्या पानावर नुसती रिकामी पळी फिरवायची?"

सगळे हसले. डॉक्टरही हसले. चुडामण मात्र हसला नाही. आपल्या पानावर रिकामी पळी फिरली तर, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत राहिलं. तरी दोघांनी होकार दिला. दोघांना पांढऱ्या गोळ्यांची एकेक बाटली मिळाली. बाटलीवर नंबर, बाकी काही नाही.

पहिल्याच महिन्यात दोघांच्या मते निकाल लागला. गिरधरच्या पायांची सूज उतरली. पुन्हा वहाणा पायात बसायला लागल्या म्हणून तो गावभर पाय दाखवत फिरला. त्याची बायको बेबाबाई हिनं त्याच महिन्यात घरातलं मीठ, पापड, लोणचं सगळं बंद केलं होतं, पण बायकोच्या कष्टाला औषध कोण म्हणतो? इकडे चुडामणला सूज तशीच, आणि वर कोरडा खोकला. घशात कुसळ अडकल्यासारखा, ठसक्यावर ठसका, कफाचं नाव नाही. दोघांनी ओट्यावर बसून विचार केला आणि एकमतानं ठरवलं की गिरधरची गोळी खरी आणि चुडामणच्या बाटलीत खडू भरलेला आहे. खडूच घशाला चिकटतोय, दुसरं काय!

चुडामणचा चेहरा पडला. ते बघून गिरधर घरात गेला आणि आपली बाटली घेऊन आला.

"हे धर. दोन्ही बाटल्या एका डब्यात वत, हालव, अन् निम्म्या-निम्म्या कर. खरं बी निम्मं, खोटं बी निम्मं. जगू तं दोघं जगू."

"गिरधरभाऊ, तुमची खरी गोळी तुम्ही कायले—"

"मंग काय तुले मरतांना पाहू? वाटणी तूच कर. तुह्या हातची वाटणी मी मोजून घेनार नही."

खरं बोलायचं तर त्या क्षणी चुडामणचे डोळे भरून आले होते. त्यात खोटं काही नव्हतं. दुपारी पुष्पाबाई शेतात गेल्यावर तो दोन्ही बाटल्या आणि डबा घेऊन माजघरात बसला, तेव्हाही त्याच्या मनात निम्म्या-निम्म्याच होत्या. त्यानं गिरधरची बाटली उघडली. त्या गोळ्या तळहातावर घेतल्या. आणि त्याला बाप आठवला. निम्म्या औषधानं कुणी जगतं का? निम्म्या पाण्यावर केळी धरते का? दोघंही अर्धवट मरायचे, त्यापेक्षा एक तरी धड जगावा. आणि तो एक आपणच का, याचं उत्तर त्यानं स्वतःला विचारलंच नाही. इतक्या घरांच्या वाटण्या केलेल्या माणसाला हा प्रश्न सुचला नाही असं नाही, त्यानं तो सुचू दिला नाही.

डबा कोराच राहिला. गिरधरच्या गोळ्या त्यानं आपल्या बाटलीत भरल्या आणि आपल्या गिरधरच्या बाटलीत. कुंपणानंच शेत खाल्लं. संध्याकाळी गिरधरनं बाटली घेतली, मोजली नाही, उघडूनही बघितली नाही, उलट त्याच्या पाठीवर थाप मारली. ती थाप चुडामणला रात्रभर जाणवत राहिली.

थोड्याच दिवसांत चुडामणचा खोकला थांबला. खरं औषध लागू पडलं! आणि मग भिंतीपलीकडून खोकला सुरू झाला.

आधी सकाळी, मग दुपारी, मग कधीही. कोरडा, ठसक्यावर ठसका. चुडामणला तो खोकला चांगला ओळखीचा होता, काल-परवापर्यंत त्याच्याच घशात होता तो. जेवताना तो ऐकू आला की त्याच्या हातातला घास ताटात परत जायचा. पुष्पाबाई म्हणायची, "गिरधरभाऊंना ज्येष्ठमध तरी नेऊन द्या." तो ज्येष्ठमध घेऊन जायचा आणि बेबाबाई त्याला आग्रहानं बसवून घ्यायची. विष देऊन वर मध चाटवणारा माणूस आपणच, हे त्याला कळत होतं.

एक दिवस गिरधर म्हणाला, "भो, खडू तं निम्मा तुह्या बी पोटात जातो ना? मंग मलेच कसा चिकटला?"

"मले बी येतो ना खोकला," तो म्हणाला, आणि लगेच खोकून दाखवलं. तेव्हापासून गिरधर समोर आला की हा खोकायला लागायचा. पन्नाशीला आलेला, चार गावांत मान असलेला माणूस, शाळा बुडवणाऱ्या पोरासारखा खोटं खोटं खोकायचा आणि घरी येऊन तोंड धुवायचा. तोंड धुऊन काय होणार होतं?

दर महिन्याला नव्या बाटल्या आल्या की गिरधर आपली बाटली वाटणीसाठी त्याच्या हाती द्यायचा, आणि चुडामण ठरवायचा, या खेपेला खरी वाटणी करायची. पण मग आपला खोकला परत येईल, गिरधरचा कमी होईल, आणि इतके महिने काय चाललं होतं ते उघडं पडेल. एका पापाला झाकायला तेच पाप पुन्हा करावं लागत होतं. दवाखान्यात नर्स विचारायची, काही त्रास? अभ्यासातून काढून टाकतील या भीतीनं गिरधर खोकला गिळून सांगायचा, काही नही. आणि चुडामण शेजारी उभा राहून ते ऐकायचा.

वर्ष सरत आलं तशी एक गोष्ट चुडामणला कोड्यात पाडायला लागली. खोकणारा गिरधर केळीच्या बागेत पाणी धरत होता, आणि न खोकणाऱ्या चुडामणला अन्नाचा वास नकोसा झाला होता. तोंडावर सूज, अंगाला खाज. तरी तो मनाला समजावायचा की खरं औषध सावकाश काम करतं.

मुंबईचे डॉक्टर आले. एकेकाला खोलीत बोलावून सांगत होते, पण या दोघांचे रिपोर्ट बघून त्यांनी दोघांना बरोबरच बोलावलं. ते जरा गोंधळलेले दिसले.

"गिरधर, तुमच्या बाटलीत औषध नव्हतं. तरी तुमच्या किडन्या वर्षभर होत्या तशाच टिकल्यात. आणि चुडामण, खरं औषध तुमच्या बाटलीत होतं, पण तुमच्या किडन्या फार खालावल्यात. असं कसं झालं?"

चुडामणला ऐकू आलं ते समजायला वेळ लागला. गिरधरला तेवढ्यात खोकला आला.

"हा खोकला कधीपासून?" डॉक्टरांनी चमकून विचारलं. "कोरडाच आहे ना? असा खोकला खऱ्या गोळीनंच येतो. पुष्कळांना येतो."

झालं. गिरधरच्या पोटात काही राहणार थोडंच! त्यानं डबा, निम्म्या-निम्म्या, सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. तुमच्यासारख्यांनी असं केलं तर औषध खरं की खोटं हे आम्हाला कधी कळणार, आणि पुढच्या रोग्यांना आम्ही काय देणार, असं बरंच बोलले, आणि ते खरंच होतं. मग जरा शांत होऊन म्हणाले, "पण निम्म्या-निम्म्या घेतल्या असत्या तर रिपोर्ट असे टोकाचे आले नसते. चुडामण, तुम्हाला खोकला आहे?"

"नाही," चुडामण म्हणाला. या वर्षातलं त्याच्या तोंडून निघालेलं ते पहिलं खरं उत्तर होतं.

गिरधर त्याच्याकडे वळला. "नही? मंग माह्यासमोर खोकत व्हता तो?" आणि बोलता बोलता त्याचा चेहराच बदलला. "अरे देवा! डॉक्टरसाहेब, यानं आपल्या खऱ्या गोया बठ्ठ्या मले दिल्या! अन् मले समजू नये म्हनून खोटं खोटं खोकत राह्यला!"

आणि तो वयानं मोठा माणूस खाली वाकला आणि त्यानं चुडामणच्या सुजलेल्या पायांवर डोकं ठेवलं. चुडामणनं पाय मागे घेतले. डॉक्टर चष्मा काढून पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "आता तुम्हालाही खरी गोळी सुरू करू. उशीर झालाय, पण करू."

एस.टी.त गिरधरनं कंडक्टरलाही ही कहाणी सांगितली. दुसऱ्या दिवशी चुडामणच्या ओट्यावर अर्धं गाव जमलं. कुणी नारळ आणला, कुणी हार. "स्वतःचा जीव दुसऱ्याच्या वाट्याले टाकला," म्हातारा रुपचंद आबा म्हणाला, "असा मानूस व्हने नही." बेबाबाई पदरानं डोळे पुसत पुष्पाबाईचे हात धरून बसली होती, आणि पुष्पाबाई नवऱ्याकडे अशा अभिमानानं बघत होती की ते त्याला सोसवेना. हार गळ्यात पडला तसा तो उठून उभा राहिला.

"ऐका," तो म्हणाला. "मी गिरधरभाऊले काही दिलं नही. त्याईची गोयी खरी हाये असं मले वाटलं. म्हनून ती मी घेतली, अन् माही खोटी समजून त्याईले दिली. वर्षभर."

मग रुपचंद आबा हसला. "पाह्य, पाह्य! एवढं करून बी मोठेपना नको मानसाले!" आणि सगळेच हसले, कुणी टाळ्या वाजवल्या. कुणालाही पटलं नाही. गेल्या वीस वर्षांत चुडामणनं कमावलेलं नाव त्याच्या खऱ्या शब्दापेक्षा जड ठरलं.

फक्त गिरधर हसला नाही. तो चुडामणकडे बघत होता, आणि बघता बघता त्याला सगळं समजलं हे चुडामणला दिसलं. गिरधर उठला. लोकांकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "आसाच हाये हा. सोताची बढाई सहन नही व्हत त्याले." मग हार नीट करायच्या निमित्तानं जवळ आला आणि चुडामणलाच ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाला, "म्हंजे तुह्या मनानं तं मी कवाचाच मेलो व्हतो ना रे?"

गिरधर बेबाबाईला हाक मारून ओट्यावरून उतरला आणि आपल्या घरात गेला. दार लावल्याचा आवाज आला. इतक्या वर्षांत ते दार दिवसाचं कधी लागलं नव्हतं.

पुन्हा एकदा, अजून मोठ्यानं सांगता आलं असतं. शपथ घेऊन सांगता आलं असतं. लोक वाटच बघत होते त्याच्या बोलण्याची. पण पुष्पाबाई चहा घेऊन आली, रुपचंद आबानं हाताला धरून त्याला खाली बसवलं, आणि चुडामण गळ्यातला हार न काढता चहा प्यायला.