दीड गुणाची मेणबत्ती

आत्याने गड्डीवरचा पत्ता उचलला, पाहिला, आणि टेबलावर टाकायचा सोडून तसाच हातात धरून बसली.

"काय आलं?" घड्याळजींनी विचारलं. "टाका लवकर, ताई. माझा धीर संपत आलाय. आता नुसतं दार करकरलं तरी मी गेलो."

आत्याने पत्ता खाली ठेवला. दुनळी बंदूक. दीपगृहाच्या जिन्यावरून उतरणारं ते ओलं, बिनचेहऱ्याचं काहीतरी एका बारात संपलं. घड्याळजींनी टेबलावर थाप मारली, सूनबाई हसली. सगळे जिंकले होते.

"ही बंदूक मी कधी घेतली?" आत्या म्हणाली.

"घेतली म्हणून तर आली," घड्याळजी म्हणाले. "आमच्याकडे लोक घड्याळ दुरुस्तीला टाकतात आणि वर्षाने येऊन विचारतात, हे नक्की माझंच का."

"असेल," आत्या म्हणाली. "मीच घेतली असेल."

भाचा मान खाली घालून पत्ते आवरत राहिला. बंदूक तिच्या गड्डीत त्याने घातली होती.

आत्याच्या औषधाच्या दुकानामागे एक खोली आहे. दोन भिंतींना सलाइनच्या बाटल्यांची खोकी, मध्ये टेबल, वर एक पिवळा दिवा. रविवारी दुपारी दुकानात गर्दी नसते. बाहेरची घंटी वाजली की सूनबाई उठून जाते, गिऱ्हाईक करते आणि परत येऊन भुताला तोंड देते. खेळ भुताटकीचा, पण एकमेकांना हरवण्याचा नाही. चौघांनी मिळून झपाटलेल्या दीपगृहातून बाहेर पडायचं. तरले तर सगळे तरले, बुडाले तर सगळे बुडाले. भुताच्या प्रत्येक पत्त्याला धीर घटतो, आणि ज्याचा संपला तो बाद. डब्यात ढीगभर पत्ते आहेत. त्यांतून ज्याने त्याने स्वतःची गड्डी आधी निवडून लावायची. दुसऱ्याच्या गड्डीला हात लावायचा नाही, एवढा एकच कडक नियम.

या टेबलावर भाच्याचा शब्द मोठा. तो फरशीच्या कारखान्यात तपासनीस आहे. पट्ट्यावरून फरश्या सरकत येतात, हा बोटाच्या पेराने टकटक करतो, आणि बद्द आवाज आला की उचलून बाजूला ठेवतो. पत्त्यांचंही त्याने तसंच केलं होतं. प्रत्येक पत्ता एकटा समोर धरायचा आणि विचारायचं: तुझा खर्च किती? काम काय करतोस? दुसरा पत्ता सोबत नसेल तर काही करतोस का? आणि अगदी वाईट वेळी हातात आलास, तर उपयोगी पडशील की ओझं होशील? मग दहापैकी गुण. कुऱ्हाडीला आठ, बंदुकीला नऊ. घड्याळजी त्या गुणांना नाकं मुरडत आणि गुपचूप तेच पत्ते घेत.

आत्याच्या गड्डीत मात्र एक मेणबत्ती होती. तिने मार बसत नाही, दार उघडत नाही. आपली एक खेळी खर्चून ती लावायची, आणि शेजारच्या खेळाडूचा थोडा धीर परत येतो. लावणाऱ्याला त्यातलं काही नाही.

"दीड गुण," भाचा म्हणाला होता. "आणि तो अर्धा चित्राचा."

"असू दे की," आत्या म्हणाली होती. "चित्र छान आहे."

मोठं पाप माणसाला दिसतं, त्याला तो घाबरतो. बारीक पापाला मात्र तो मदत म्हणतो, आणि मग हात कसा सहज चालतो बघा. एका रविवारी आत्या कप विसळायला गेली, आणि तेवढ्यात भाच्याने तिच्या गड्डीतलं जुनं कुलूप काढून कुऱ्हाड सारली. पुढच्या खेपेला शिट्टी काढली. त्यानंतर मेणबत्ती, आणि तिच्या जागी बंदूक. काढलेले पत्ते डब्यात टाकले तर तिला दिसतील, म्हणून ते शर्टाच्या खिशात घालून घरी नेले. यात कोणाचं काय गेलं? जिंकणार तर सगळेच. असं त्याने मनाशी म्हटलं, आणि त्याला ते पटलंही.

त्या बंदुकीच्या रविवारनंतर आठवड्याच्या मध्ये एक दिवस तो खोकल्याचं औषध घ्यायला दुकानात गेला. आत्या गल्ल्यामागच्या उंच स्टुलावर बसली होती, आणि कपाटापाशी उभी राहून चिठ्ठ्या वाचत होती सूनबाई. जन्मभरात त्याने हे उलटं चित्र पाहिलं नव्हतं. डॉक्टरांचं कसलंही अक्षर असो, आत्या चिठ्ठी नुसती तिरकी धरायची आणि न बघता हात मागे नेऊन नेमका खण उघडायची.

"सुट्टीवर का?" त्याने विचारलं.

"कायमची," आत्या म्हणाली. सूनबाई आतल्या कपाटाशी गेली तेव्हा ती पुढे वाकून हळू आवाजात बोलली. "तिला मी डोळ्यांचं कारण सांगितलंय. डोळे ठणठणीत आहेत. परवान्यावरचं नाव बदलायचा अर्ज सोमवारी देणार आहे."

"का पण?"

"आधी कुलूप गेलं. म्हटलं, होतं असं. मग शिट्टी. आता मेणबत्ती माझ्या गड्डीत नाही आणि डब्यातही नाही. म्हणजे मीच कुठेतरी ठेवली. आणि बंदूक घेतल्याचं आठवत नाही ते नाहीच. माझी आई, तुझी आजी, तिचं असंच सुरू झालं होतं रे. चमचे दुसऱ्या खणात. शेवटी मला म्हणायची, बाई, तुम्ही फार चांगल्या आहात, तुमची आई कोण?" आत्याने गल्ल्यातली नाणी उगीच सारखी केली. "पत्त्यात चूक झाली तर भूत खातं, त्याचं काही नाही. गोळीत झाली तर?"

हीच ती वेळ होती. शब्द अगदी ओठाशी होते. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ चिठ्ठी घेऊन आले, सूनबाई बाहेर आली, आणि भाच्याच्या तोंडून निघालं ते असं:

"वय झालं की होतं थोडंफार, आत्या. मनावर घेऊ नकोस."

"हो ना," ती म्हणाली, आणि त्याचे सुटे पैसे एकदा मोजून पुन्हा मोजले.

रस्त्यावर आल्यावर त्याचे कान तापले. देवाने लाज दिली ती चेहऱ्यावर दिसावी म्हणून. पण रस्त्यात कोणीच त्याच्याकडे पाहत नव्हतं. घरी येऊन तो ते तीन पत्ते समोर ठेवून बसला. मग त्याला एक युक्ती सुचली, आणि ती सुचली याचीही पुढे त्याला लाज वाटत राहिली. पत्ते गुपचूप परत ठेवायचे. आत्याला ते सापडतील, तिला वाटेल, अरे, इथेच तर होते. कोणाला काही कळायला नको.

रविवारी तो लवकर गेला. खोलीत दिवा लागलेला होता. आत्या टेबलाशी बसली होती, आणि तिची गड्डी ओळीने मांडलेली होती, रुग्णाचे रिपोर्ट मांडावेत तशी.

"बरं झालं आलास," ती म्हणाली. "आजपासून माझी गड्डी तूच लावत जा. तुला कळतं. मी नुसती खेळेन. चालेल ना तसं?"

ती हे हसून म्हणाली. तेच त्याला सोसवलं नाही. त्याने खिशातून पत्ते काढले आणि तिच्या ओळीखाली ठेवले. कुलूप. शिट्टी. मेणबत्ती.

आत्याने तिन्ही पत्ते बोटाने जवळ ओढले. "कुठे सापडले?"

"माझ्याकडे होते. मी काढले होते."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"आणि कुऱ्हाड, बंदूक..."

"मीच घातली. आत्या, मला वाटलं, आपण जिंकू."

"जिंकलो की," आत्या म्हणाली. तिने श्वास सोडला, आणि तो इतका लांबला की भाच्याला वाटलं ती रडते आहे. ती रडत नव्हती. एकदा चक्क हसली, स्वतःशीच, कपाळावर हात ठेवून. "म्हणजे माझं डोकं जागेवर आहे."

"हो."

मग हसू गेलं. "परवा दुकानात मी तुला सगळं सांगितलं. आईचंसुद्धा. तेव्हा हे पत्ते कुठे होते?"

"घरी."

"आणि तू मला म्हणालास, वय झालं की होतं."

त्याने मेणबत्तीचा पत्ता ओळीत सरळ केला.

"पत्ते काढलेस त्याचं मला एवढं नाही," आत्या म्हणाली. "त्या वाक्याचं आहे." तिने मेणबत्ती उचलली. "ही कोणासाठी ठेवली होती, माहीत आहे? तुझ्या गड्डीत सगळी हत्यारं. दर खेळात पहिला धीर तुझा संपतो. आणि शेजारी मी बसते."

बाहेर घंटी वाजली. सूनबाईचा कोणाशी तरी बोलण्याचा आवाज आला.

"तिला जाऊन सांग," आत्या म्हणाली.

"तू सांगितलंस तर..."

"मी कशाला सांगू? माझ्याकडून काय झालंय? जा."

तो बाहेर गेला. काउंटरवर एक बाई खोकत उभी होती. ती जाईल म्हणून तो थांबला, पण ती घाईत नव्हती. शेवटी त्याने तिच्यासमोरच सूनबाईला सगळं सांगितलं. सूनबाईने हातातली गोळ्यांची पट्टी खाली ठेवली.

"भाऊजी," ती म्हणाली, "गेले दोन आठवडे त्या झोपायच्या आधी गॅस बंद आहे का बघायला उठतात. परत उठतात. मला वाटलं, डोळ्यांची काळजी." खोकणारी बाई त्याच्याकडे बघत होती, ती एकदम टूथब्रशांकडे बघू लागली.

तेवढ्यात आत्या आतून आली. बाईच्या हातातली चिठ्ठी तिने घेतली, तिरकी धरली, आणि हात मागे नेऊन खण उघडला.

"जेवणानंतर," तिने बाईला सांगितलं. "उपाशी पोटी घेऊ नका."

अर्जाचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

घड्याळजी आले ते नेहमीसारखे बोलत आले. "काय हो, आज शोकसभा आहे का? भूत अजून यायचंय." कोणी हसलं नाही, तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पत्ते पिसायला घेतले.

"आत्या, मी निघतो," भाचा म्हणाला.

"बस. चौघांचा खेळ आहे."

तो बसला. खेळण्यात त्याचं लक्ष नव्हतं. जिन्यावर पहिली पावलं वाजली तेव्हा धीर गेला, दिवा विझला तेव्हा आणखी गेला. त्याच्या हातात कुऱ्हाड होती, दोरखंड होता, रॉकेलचा डबा होता. यातलं एकही घाबरलेल्या माणसाच्या कामाचं नव्हतं. आत्या आपल्या पाळीला गड्डीवरून पत्ता उचलायची, बघायची आणि हातात ठेवायची. मेणबत्ती तिने पुन्हा गड्डीत लावली होती, पण ती येत नव्हती. मग धुक्याचा पत्ता निघाला आणि भाच्याचा उरलेला धीर संपला. नियमाप्रमाणे त्याने पत्ते पालथे केले आणि खुर्ची मागे घेतली.

पाळी आत्याची आली. तिने पत्ता उचलला.

"आता आली बघ," ती म्हणाली.

तिने मेणबत्ती टेबलावरून सरकवत नेली आणि भाच्याच्या पालथ्या पत्त्यांपुढे ठेवली.

"ताई, तो बाद झालाय," घड्याळजी म्हणाले. "आता तिचा उपयोग नाही. तुमची खेळी फुकट जाईल."

"माहीत आहे."

"भूत तुमच्या पुढ्यात उभं आहे."

"दिसतंय मला," आत्या म्हणाली. "तुमची पाळी, घड्याळजी."

भाचा मागे सरकवलेल्या खुर्चीतच बसून होता. चित्र खरंच छान होतं. एवढ्या दिवसांत त्याने ते नीट पाहिलं नव्हतं, आणि आताही त्याला नजर तिथे ठेवता येईना.