अंगठ्यापर्यंतची वाट

मी एक जनक पेशी आहे, मित्रांनो, आणि माझा जन्म एका शिंप्याच्या कमरेच्या हाडात झाला. जनक पेशी म्हणजे अजून पुरती कोणीच न झालेली, पण पुढे काय व्हायचं ते बरंचसं ठरलेली. रक्तवाहिनीला आतून जे नाजूक अस्तर असतं, ते होणं माझ्या वाट्याला आलं होतं. शिंप्याच्या पोटी यावं आणि अस्तर व्हावं! घडवणाऱ्यालाही थट्टा आवडत असावी.

हाड बाहेरून दगडासारखं दिसतं, पण आतला मगज, म्हणजे मज्जा, मऊ असतो. तिथे सतत नव्या पेशी जन्मतात. तांबड्या पेशी तयार झाल्या की निघाल्याच प्राणवायू वाहायला. त्यांना बोलायलाही सवड नसते. आमचं तसं नाही. शरीरात कुठे रक्त कमी पडलं की तिथल्या तहानलेल्या पेशी रक्तात सांगावा सोडतात. तो पोचला की आम्ही उठायचं. तोवर बसून राहायचं.

हाडाला कान नसतात, पण मालक बोलला की सगळा सांगाडा घुमतो, आणि त्याच्या बायकोचा आवाज तर भिंतीतूनही येई.

"अहो, शुगर तपासायला कधी जाणार?"

"अगं, हे गणवेश हातावेगळे होऊ देत."

"गणवेश संपले की पडदे येतात. पडदे संपले की तुम्ही सिगारेट ओढायला बाहेर जाता. तेवढा वेळ बरा सापडतो!"

शिंपीदादा हसून मशीन चालू करत. माणूस मनाचा चांगला, हात सोन्यासारखा. पण स्वतःच्या देहाकडे कानाडोळा. रक्तात साखर वाढत गेली, वर धूर. आम्ही पेशी सुस्तावलो. आमच्यातल्या कितीतरी जागच्या जागीच विझल्या. पायातल्या बारीक रक्तवाहिन्याही एकेक करून सुकू लागल्या.

पाय गार पडू लागला. ज्या पायाने पायडल मारायचं, तोच. आता तुम्हीआम्ही काय केलं असतं? नुसता मोजा घातला असता. शिंपीदादांनी शिंप्याची युक्ती केली. इस्त्री केलेल्या कापडाच्या गरम घड्या ते मोज्यावरून पावलावर ठेवू लागले. बरं वाटे. एके दिवशी घड्या लवकर निवल्या, म्हणून त्यांनी घड्यांवर इस्त्रीच टेकवली आणि हाताने बटणांची काजं करत बसले. साखरेने पाय बधिर झालेला; चटका बसला तरी कळणार कसा? संध्याकाळी मोजा ओला दिसला, तोही बायकोला.

"हे काय? अंगठ्याची सगळी सालच निघालीय! दुखत नाही का?"

"नाही गं, काहीच नाही," ते खुशीत म्हणाले.

न दुखणं हीच वाईट खूण होती.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी जखम हलकेच खरवडली. रक्ताचा थेंब आला नाही. मांस फिकट, राखेच्या रंगाचं.

"मोठी रक्तवाहिनी चालू आहे," त्या म्हणाल्या, "पण पुढचे बारीक फाटे सुकलेत. रक्त पोचलं नाही, तर अंगठा काढावा लागेल. जखम चढली, तर पाऊलही."

"डॉक्टर, माझी मशीन पायाने चालते," शिंपीदादा एवढंच बोलले.

सिगारेटचं पाकीट त्याच दिवशी बायकोने केराच्या डब्यात टाकलं. गोळ्या आल्या, साखरेवर पहारा बसला, पायावर भार टाकायला बंदी झाली. डॉक्टरबाईंनी बसल्या बसल्या हातांचे व्यायाम सांगितले होते.

"हात वर करा. आणखी वर!"

"अगं, मी काय चोर आहे का हात वर करायला?"

"चोरच. स्वतःच्या तब्येतीचे. करा वर!"

रक्त हळूहळू निवळलं. आणि एक दिवस तो सांगावा मला नीट ऐकू आला. आधीही तो येत असणार. पण साखरेच्या गुंगीत कोण ऐकतो? मी मगजातून सुटले, रक्तात उतरले. हृदयातून गेले, फुप्फुसांतून फिरून पुन्हा हृदयात आले, आणि मग खाली, मांडी, पोटरी, घोटा. जिथे हाक मोठी झाली, तिथे वेग कमी करून भिंतीला चिकटले.

मित्रांनो, सगळं मीच केलं असं म्हणेन तर ते खोटं होईल. खरं बांधकाम तिथल्याच जुन्या अस्तर-पेशींनी केलं. भिंतीतून त्या अंकुरासारख्या बाहेर सरकल्या, एकमेकींना धरून पुढे निघाल्या आणि आतून पोकळ होत नळी झाल्या. आमच्यातल्या बहुतेक जणी त्यांना बळ देणारा रस सोडत राहिल्या आणि काम झाल्यावर निघून गेल्या. थोड्या जणींना मात्र भिंतीतच जागा मिळाली. मी त्यांतली एक. मी पसरले, चपटी झाले, शेजारणींना घट्ट धरलं. मग पहिली तांबडी पेशी अंग चोरून माझ्यावरून सरकत गेली. नेहमीसारखीच, न बोलता.

बाहेर हे कुणाला ठाऊक नव्हतं. पुढच्या तपासणीला सिस्टरनी पट्टी सोडली. डॉक्टरबाई वाकल्या. शिंपीदादांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. जखम खरवडली गेली.

"अहो, रक्त आलं!" बायको घाबरून ओरडली.

"येऊ द्या," डॉक्टरबाई हसल्या. "त्याचीच तर वाट बघत होतो. आणि हे बघा, कडेने गुलाबी दाणे धरलेत, म्हणजे नवं मांस येतंय. आता अंगठ्याला हात लावायचं कारण नाही."

"रडताय का हो?" बायकोने विचारलं.

"छे! डोळ्यात दोऱ्याचा तूस गेलाय."

"दवाखान्यात कुठला दोरा?"

जखम भरली. पायाची बधिरता काही गेली नाही. ती तशीच आहे. शिंपीदादा पुन्हा पायडल मारतात. कुठे चटका बसला तर त्यांना आजही कळणार नाही. म्हणून रोज काम सुरू करण्याआधी बायको म्हणते, "पाय दाखवा," आणि बोटांच्या बेचक्यांपर्यंत बघते. शिंपीदादा कुरकुरतात, पण पाय पुढे करतात.

मी आता कुठे जात नाही. कुणाला दिसणारही नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही. माझं मागणं एवढंच: तुमच्या घरी कुणाला साखरेचा त्रास असेल, तर आज त्यांच्यासमोर खाली बसा आणि म्हणा, "पाय बघू." ते हसतील, संकोचतील, पाय मागे घेतील. हसू द्या. पण बघितल्याशिवाय उठू नका.