न धुतलेला टॉवेल

मित्रांनो, मी एक जुना टॉवेल आहे आणि कित्येक वर्षांत मला कुणी धुतलेलं नाही. तेव्हा नाकाला रुमाल लावून माझी कहाणी ऐकलीत तरी मी राग मानणार नाही. फक्त मध्येच उठून मला बादलीत टाकू नका. असं का म्हणतो, ते सांगण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

माझ्या आजच्या रूपावर जाऊ नका. गिरणीतून बाहेर पडलो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो आणि माझ्या दोन्ही टोकांना निळा पट्टा होता. एका लॉजने मला विकत घेतलं. तिथे रोज नवा प्रवासी, रोज नवा चेहरा. "काय मऊ टॉवेल आहे!" असं कुणी म्हटलं की मी फुलून जायचो. संध्याकाळी वापरायचा, सकाळी धुवायचा, हा तिथला नियम. कालचा चेहरा आज माझ्या लक्षात नसायचा, आणि त्याचं मला काही वाटतही नसे. रोज नव्याने कोरं होणं हेच टॉवेलाचं भाग्य, अशी माझी ठाम समजूत होती.

पुढे मी विरलो. मधोमध एक भोक पडलं आणि लॉजवाल्यांनी मला चिंध्यांच्या पोत्यात भरून एका गॅरेजला विकलं. तिथे मेकॅनिकने माझ्यावर ग्रीसचे हात पुसले आणि माझा सगळा तोरा उतरला. गॅरेजच्या मागे एक बंद पडलेली व्हॅन उभी होती. तिच्याखाली एक तपकिरी कुत्री व्याली. गारठा पडला होता. मेकॅनिकने हातातलं फडकं, म्हणजे मला, तिच्याकडे भिरकावलं आणि तो कामाला लागला.

आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्यावर काही पुसलं नाही. ती माझ्यावर झोपली. तिने माझ्यावरच पिल्लांना पाजलं, चाटलं, दटावलं. तिच्या दुधाचा, अंगाचा, ओल्या केसांचा वास माझ्या धाग्याधाग्यात मुरला. पिल्लं एकेक करून लोकांनी नेली. शेवटी एकच उरलं. ते सगळ्यांत लहान, आईच्या पोटाशी माझं टोक तोंडात धरून झोपणारं.

एके दिवशी स्कूटरचा ब्रेक दुरुस्त करायला एक लॉन्ड्रीवाला आला. बरोबर त्याची मुलगी होती. तिला घरी सगळे चिंगी म्हणत. चिंगी व्हॅनखाली वाकून बघत बसली ती उठेचना. तिच्या बाबांनी मेकॅनिकला हळूच विचारलं, "हे पिल्लू देता का? हिची आई गेल्यापासून ही बोलतच नाही हो फारशी. घरात जरा काहीतरी हलतं-बोलतं असेल तर बरं."

"घेऊन जा दादा," मेकॅनिक म्हणाला. "आणि हे फडकंपण न्या. त्याच्याशिवाय झोपत नाही ते."

पिल्लू माझ्यात गुंडाळलं गेलं आणि आम्ही दोघे खोक्यात बसून निघालो. कुत्री थोडं अंतर स्कूटरच्या मागे आली. मग दिसेनाशी झाली.

आता त्या घराबद्दल सांगितलं पाहिजे. पुढे दुकान, तिथे बाबांची इस्त्री. मागे धुण्याची खोली, तिथे चिंगीच्या आत्याचं राज्य. वर राहायच्या खोल्या. आत्या ही बाबांची मोठी बहीण. धुण्याच्या कामात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. शाई, गंज, रक्त, तेल, कसलाही डाग दाखवा, ती नुसतं "हं" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी तो गेलेला असायचा. पण मळकं कापड दिसलं की तिला चैन पडत नसे. पाहुणा कोट खुंटीला अडकवून जेवायला बसायचा आणि हात धुवून येईपर्यंत कोट दोरीवर ठिबकत असायचा. नातेवाईक तिच्याकडे येताना जुने कपडे घालून येत, तेवढेच धुऊन मिळतील म्हणून. त्या घराला स्वतःचा असा वासच नव्हता. होता तो साबणाचा.

पहिल्या दिवशी आत्या हॉस्पिटलच्या चादरींत बुडालेली होती, म्हणून मी वाचलो. तिने माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. "अगं बाई, कसलं कळकट फडकं आणलंत हे!" एवढंच म्हणाली.

त्या रात्री पिल्लू थोडंसं कुरकुरलं आणि माझं टोक तोंडात घेऊन झोपी गेलं. चिंगी खोक्याशेजारी सतरंजीवर आडवी झाली होती. ती माझ्यावर हात फिरवत पुटपुटली, "तुझी आई आहे ना इथे, मग कशाला घाबरतोस?" बाबा दारात उभे होते. लेकीच्या तोंडून कितीतरी दिवसांनी एवढं लांब वाक्य ऐकून ते तसेच उभे राहिले.

सकाळी चिंगी शाळेत गेली आणि आत्याला सवड मिळाली.

मित्रांनो, आत्याने मला वाईट हेतूने उचललं नाही, हे मला आधी सांगू द्या. नव्या पाहुण्याला स्वच्छ अंथरूण द्यावं, एवढंच तिच्या मनात होतं. तिने मला सोड्यात भिजवलं, गरम पाण्यात घातलं, घासलं, पिळलं, पुन्हा घासलं. ग्रीसचा जो डाग जन्माचा सोबती आहे असं मी धरून चाललो होतो, तोही गेला. मग वाळवून इस्त्री केली आणि भोकाला टाकासुद्धा घातला. "बघ कसा राजबिंडा दिसतोस आता!" असं ती मला म्हणाली. लॉजच्या दिवसांत मी हे ऐकून हुरळलो असतो. पण पिल्लाची आई फेसाबरोबर मोरीतून वाहून गेली होती, आणि ते मला कुणाला सांगता येत नव्हतं.

आत्याने मला खोक्यात अंथरलं. पिल्लू शेपूट हलवत आलं. त्याने नाक लावलं आणि ते शिंकलं. मग त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत मला हुंगलं. दातांनी उलटवून खालची बाजू हुंगली. शेवटी ते मोठ्या वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन भिंतीकडे तोंड करून बसलं. दुधाला त्याने तोंड लावलं नाही. दुपारभर ते रडत होतं, आणि आत्या चमच्याने दूध पुढे करत मशीनच्या फटीशी गुडघ्यांवर बसून होती.

चिंगी शाळेतून आली. तिने मला पाहिलं आणि उचलून नाकाशी धरलं.

"आत्या, हे धुतलंस?"

"धुतलं ना. ग्रीससुद्धा निघालं बघ."

"त्याच्या आईचा वास होता गं त्याला!"

आत्याच्या हातातला चमचा तसाच राहिला. चिंगीचा आवाज चिरकला. "तू आईचा स्वेटरपण असाच धुतलास! सगळं धुतलंस! मी कपाट उघडलं तर नुसता साबण होता!"

इस्त्री खाली ठेवून बाबा धावत आले. चिंगी का गप्प झाली, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. चिंगीची आई हॉस्पिटलमध्ये वारली, त्या दिवशी आत्या तिथून घरी आली आणि तिला स्वस्थ बसवेना. म्हणून तिने वहिनीचा एकेक कपडा धुतला, इस्त्री केला आणि घड्या घालून कपाटात ठेवला. दुसरं काय करावं ते तिला येतच नव्हतं. चिंगीने एकटीने ते कपाट उघडलं, त्यात तोंड खुपसलं, आणि तेव्हापासून ती गप्प झाली. बाबांना वाटलं होतं, आई गेल्याचं दुःख आहे, हळूहळू ओसरेल.

"तिला स्वच्छ आवडायचं गं," आत्या कशीबशी म्हणाली. चिंगी जिना चढून वर निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशीही पिल्लाने काही खाल्लं नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, कान पाहिले. "आजारी नाहीये," ते म्हणाले, "पण इतकं लहान पिल्लू उपाशी राहिलं तर टिकणार नाही. आईपासून तोडलंय ना, मनाने घेतलंय त्याने." तेव्हा बाबांनी मला आणि चिंगीला स्कूटरवर घेतलं आणि गॅरेज गाठलं. मला एक दिवस कुत्रीखाली अंथरायचं आणि परत आणायचं, असा त्यांचा बेत होता. मलाही आशा वाटली. तिला पुन्हा भेटणार म्हणून मी आतुर झालो होतो.

मेकॅनिक बोनेटमध्ये वाकलेला होता. त्याने आमच्याकडे न बघताच सांगितलं, "ती कुठे आहे आता? काल ट्रकखाली आली. पिल्लाला शोधत रस्त्यावर फिरत होती."

परतीच्या वाटेवर चिंगीने मला छातीशी घट्ट धरलं होतं. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

बाबांनी घरी येऊन आत्याला सगळं सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं, चिंगीच्या हातून मला घेतलं आणि मोरीकडे वळली. मी मनात म्हटलं, आता पुन्हा सोडा, पुन्हा घासणं. पण ती मोरीशी थांबली. तिने मला गळ्यात टाकलं आणि कामाला लागली.

दिवसातून दोनदा कपडे बदलणारी ती बाई. वाफ, भट्टीची धग, ओल्या चादरींचं ओझं, आणि गळ्यात मी. घामाने मी चिंब झालो. गिऱ्हाईक हसायचं. "आत्याबाई, गळ्यातलं ते धुवायला टाका की आता! लॉन्ड्री कुणाची आहे?" ती म्हणायची, "त्याला वेळ आहे अजून." कधी सवयीने तिचा हात मला काढून बादलीकडे न्यायचा. अर्ध्या वाटेवर तिला आठवायचं आणि ती मला पुन्हा गळ्यात घालायची. पिल्लाच्या तोंडात कापसाने दुधाचे थेंब सोडायचं कामही तिनेच घेतलं होतं. त्यातलं बरंचसं दूध बाहेरच ओघळायचं. पिल्लाची हाडं माझ्यासारख्या फडक्यालाही बोचू लागली होती.

अखेर एका दुपारी ती दमून स्टुलावर बसली आणि बसल्या जागी तिचा डोळा लागला. मी तिच्या मांडीवरून खाली लोंबत होतो. मशीनमागून पिल्लू बाहेर आलं. त्याने आधी तिची पावलं हुंगली. मग मला हुंगलं. बराच वेळ हुंगलं. आणि माझं टोक तोंडात धरून तिथेच, तिच्या पायावर, अंग टाकलं. आत्या जागी झाली होती, पण हलली नाही. तिने हळूच बोट वाटीतल्या दुधात बुडवून पुढे केलं. पिल्लाने ते चाटलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा चाटलं. आत्या लहान मुलासारखी हमसून रडायला लागली.

चिंगी दप्तर पाठीला लावून दारात उभी होती. ती येऊन आत्याला चिकटून बसली आणि तिने माझ्यात नाक खुपसलं.

"तुझा वास गरम इस्त्रीसारखा आहे गं."

"घामाचा येत असेल."

"घामाचापण आहे."

आत्याला रडता रडता हसू आलं. मग ती म्हणाली, "तुझ्या आईचा मात्र मला नाही गं परत आणता येणार." चिंगी उठून गेली नाही. पिल्लू झोपेपर्यंत त्या दोघी तशाच बसून होत्या.

पिल्लाचं नाव बटण ठेवलं, कारण तब्येत सुधारल्यावर त्याने पहिला पराक्रम केला तो गिऱ्हाइकांची निघालेली बटणं ठेवायची बरणी फोडण्याचा. त्या घरात मला पुन्हा कधी पाणी लागलं नाही. आत्या अधूनमधून मला गळ्यात घालून काम करायची आणि बटणच्या अंथरुणात परत ठेवायची. चिंगी मोठी झाली, तिने लॉन्ड्री हातात घेतली. बटण म्हातारा झाला, त्याचे मागचे पाय आखडले. आणि या वर्षी आत्या गेली.

त्या दिवशी घर माणसांनी भरलं. चिंगीची मावशी फार कामसू. तिला वाटलं, आपण काहीतरी हातभार लावावा. तिने आत्याचे कपडे, एप्रन, उशीचा अभ्रा आणि मला, सगळं गोळा करून मशीनमध्ये कोंबलं. दार लावायला ती वाकली, तेवढ्यात बटण आला. ज्याला उठायलाही कुणाचा तरी आधार लागायचा, तो मशीनच्या दारात डोकं घालून मला ओढू लागला. मावशी त्याला हाकलायला लागली, तशी चिंगी पुढे झाली.

"मावशी, राहू दे. आज या घरात काही धुवायचं नाही."

मशीन बंद राहिलं. आत्याचा एप्रन खुंटीवर परत गेला. तो अजून तिथेच आहे.

पण मित्रांनो, वास साबणानेच जातो असं नाही. तो नुसत्या दिवसांनीही जातो. चिंगी रोज दुकान उघडण्याआधी माझ्यात तोंड खुपसते. आज सकाळी तिने खूप वेळ हुंगलं आणि ती बाबांना म्हणाली, "आता नुसता बटणचाच येतोय." बाबांनी मान खाली घातली. तिने मला नेऊन बटणच्या पुढ्यात अंथरलं.

बटणने मला हुंगायला सुरुवात केली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मला धुतलं होतं त्या दिवसासारखं. माझा जीव कासावीस झाला. निळ्या पट्ट्याजवळच्या एका कोपऱ्याशी तो थांबला, तिथे नाक टेकवलं आणि डोळे मिटून घेतले. चिंगी त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. "अजून आहे का रे तिथे?" तिने विचारलं. बटणने शेपूट एकदाच हलवलं.

म्हणून सांगतो मित्रांनो, कुणाचं कळकट फडकं, जुना स्वेटर, चुरगळलेली उशी धुवायला उचलाल, तेव्हा आधी ते ज्याचं आहे त्याला एकदा विचारा. आम्हा कापडांना नाही म्हणता येत नाही.