सें-तेलेमाकचा सहावा गडी

मोसमातला शेवटचा सामना सें-तेलेमाकच्या संघानं चार विरुद्ध तीन असा जिंकला. हा सामना झालेला नाही. तेव्हा तो विसरू या आणि जे रीतसर झालं, म्हणजे हरणं, तिथून सुरुवात करू.

हरणं भरपूर झालं. मॉन्ट्रियलहून सें-तेलेमाकला यायला अख्खा दिवस लागतो, परत जायला कारण लागत नाही. अशा या गावात तांब्याची खाण, एक चर्च, बर्फावर खेळायची एक रिंक आणि न संपणारा हिवाळा, एवढ्या भांडवलावर कुणीतरी आइस हॉकीचा व्यावसायिक संघ काढला होता. त्याचं हे दुसरंच वर्ष. व्यावसायिक म्हणजे काय, तर गोली, म्हणजे गोलरक्षक, दिवसा शाळेची बस चालवायचा आणि कप्तान रेआल लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या काढायचा. जर्सीवर तळ्यातला मासा काढला होता. चित्रकार नवशिका असल्यामुळे तो लांबून सपातेसारखा दिसायचा. बाहेरगावी सामना असला की प्रेक्षक बर्फावर सपाता फेकायचे.

बावीस नंबरची सपाता क्लोविस बेर्त्योच्या छातीवर होती. वय एकवीस. बापाची लाकूड कापायची गिरणी होती, तिथे काम करणाऱ्या त्याच्या दोन भावांची मिळून सतरा बोटं उरली होती. वसंतात करार संपायच्या आत काही करून दाखवलं नाही तर क्लोविसचीही तिथेच रवानगी ठरलेली. त्याला फार काही नको होतं. एक गोल हवा होता. आपलं नाव रेडिओवर यावं, आईनं ते ऐकावं आणि गिरणीचा विषय मिटावा.

पण गोल करायला बर्फावर उतरावं लागतं, आणि कोच गास्पार त्याला उतरवायचा नाही.

ऑक्टोबरात पहिल्यांदा शिट्टी वाजली. या खेळात गोली सोडून पाच जण बर्फावर असतात आणि खेळ चालू असतानाच बदलतात. एक बाकाशी आला की दुसरा रिंकभोवतीच्या फळीवरून उडी टाकतो. जरा घाई झाली की सहा होतात. पंचानं शिट्टी मारून सांगितलं की सहा आहेत. मोजले तर पाच. पंच म्हणाला, मी आंधळा नाही. गास्पार म्हणाला, त्याबद्दल गावात दोन मतं आहेत. शिक्षा झाली. सहा माणसांचा गुन्हा अख्ख्या संघाचा, म्हणून दोन मिनिटं काचेच्या पिंजऱ्यात कोणी बसायचं ते कोच ठरवतो. ज्याच्यावाचून काही अडणार नाही असा गडी गास्पारनं शोधला. फार शोधावा लागला नाही.

पुढच्या सामन्यात पुन्हा सहा. त्याच्या पुढच्यातही. गास्पारनं बदलताना एकमेकांच्या हाताला हात लावून जायचा नियम केला. तरी सहा. आमच्याकडे शिवी द्यायची तर चर्चमधल्या पवित्र वस्तूंची नावं घेतात. नाताळापर्यंत गास्पारनं वेदीवरच्या प्याल्यापासून मेणबत्त्यांपर्यंत सगळं चर्च रिकामं करत आणलं होतं.

क्लोविसला पिंजऱ्याची सवय झाली. दार उघडायला म्हातारे मस्यो ओनेझिम असायचे. खाणीतल्या सुरुंगानं त्यांचा एक कान कायमचा गेला होता. ते पेपरमिंटची गोळी द्यायचे, प्रोस्टेटची हकिकत सांगायचे आणि वेळ संपली की कडी उचलायचे. शिक्षेची मिनिटं मोजून पेपरात लीगच्या सर्वांत दांडगट खेळाडूंची यादी आली, तीत क्लोविस पहिला. आईचा फोन आला. ती म्हणाली, निदान कुणाला मारून तरी आत जा, फुकटची शिक्षा भोगणारा आपल्या घराण्यात आजवर कोणी झाला नाही.

सहाव्याबद्दल मात्र संघात कुणी बोलत नव्हतं. रिंकवर नुकतंच पाणी फिरवलेलं असायचं, बर्फ आरशासारखा, अजून कोणी उतरलेलं नसायचं आणि बाकाच्या दारापासून निघालेली स्केटची एकच रेघ मधल्या वर्तुळापर्यंत जाऊन तिथेच संपलेली दिसायची. हातमोजे वाळत घालायच्या खुंट्यांवर एक जोड जास्त निघायचा, घामानं ओला आणि हाताला अजून कोमट. बसचा ड्रायव्हर जाताना डोकी मोजायचा तेव्हा एक जास्त भरायचं, येताना बरोबर व्हायचं. पुढे त्यानं मोजणं सोडलं.

अखेर रेआलच बोलला. काठीला पट्टी गुंडाळता गुंडाळता, वर न बघता.

"कोण आहे ते मला ठाऊक नाही. पण डावीकडून येतो आणि चकती अशी काठीवर आणून ठेवतो, जशी सासू पहिल्या वर्षी जावयाच्या पानात वाढते. तुमच्यातला कोणी नाही, एवढं नक्की."

गास्पारला त्यातून युक्ती सुचली. सहा होतात ना, मग आपण चारच पाठवू. क्लोविसला तर फळीच्या आसपासही फिरकू दिलं नाही. चार जण उतरले आणि पाचव्याची वाट बघत राहिले. तो आला नाही. अकरा गोल खाल्ले. परतीच्या बसमध्ये रेआल म्हणाला, बिनबोलावता येणाऱ्याला बोलावलं की तोही भाव खातो.

जानेवारीत गास्पारनं क्लोविसला आपल्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं. गावच्या केबलवाल्यानं काढलेलं चित्रण टीव्हीवर थांबवून ठेवलं होतं, शिट्टी वाजली त्या क्षणाचं. बर्फावर सहा जण. सहावा वळत होता. पाठीवर बावीस.

"मी नाही," क्लोविस म्हणाला. "मी बाकावर आहे. हा बघा."

चित्राच्या कोपऱ्यात खरंच तो बाकावर होता. नाक पुसत होता.

गास्पारनं बराच वेळ दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"हा तू."

"हो."

"आणि हाही तू."

"दिसतोय तसा."

"तुझ्यापेक्षा तू बरा खेळतोस, पोरा."

क्लोविसला राग आला होता, पण तो कुणावर काढायचा हे चित्रात नीट दिसत नव्हतं. तो पडद्याजवळ गेला. सहाव्याच्या तोंडातून वाफ निघत होती, चांगली दाट, जोरात धावलेल्या माणसाची. बाकावर सगळ्यांच्या तोंडासमोर वाफेचे गोळे होते. नाक पुसणाऱ्याच्या तोंडासमोर काही नव्हतं.

गास्पारच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यानं टीव्ही बंद केला.

फेब्रुवारीतही संघ हरतच राहिला आणि क्लोविस पिंजऱ्यात बसतच राहिला. मग शेवटचा सामना आला, घरच्या रिंकवर, रविवारी दुपारी. क्लोविसची आई पहिल्यांदाच बघायला येणार होती. आदल्या दिवशी गास्पारनं आपला विचार मांडला. लीगकडे नाव एकच नोंदलेलं आहे. एका वेळी बावीस नंबरही एकच असला तर सहा होणारच नाहीत. तेव्हा क्लोविसनं घरी राहावं. गोल झाला तर त्याच्याच नावावर लागेल, पुढचा करारही त्याच्याच नावानं होईल, आई ऐकेल, उलट प्रत्यक्ष बघेल. यात त्याचं नुकसान काय?

क्लोविसनं खूप विचार केला. नुकसान होतं, पण ते नेमकं कुठे धरून दाखवायचं ते सापडेना. रेआलनं पाठीवर थाप मारली.

"मनाला लावून घेऊ नकोस, बेर्ती. शेवटी आम्ही तुझ्यावरच भरवसा टाकतोय."

रविवारी घरमालकीण मादाम लोरेतच्या स्वयंपाकघरात तो वाटाण्याचं सूप पुढ्यात घेऊन बसला. अंगावर पूर्ण पोशाख होता, पायात स्केटसुद्धा, पात्यांना रबरी म्यान घालून. का, ते त्याला सांगता आलं नसतं. मादाम लोरेतनंही विचारलं नाही. फरशी ओरखडली जाऊ नये, तिचं तेवढंच म्हणणं होतं.

रेडिओवर निवेदक ओरडला, गोल, बेर्त्यो. मादाम लोरेत चुलीपासून वळली. तिनं रेडिओकडे पाहिलं, क्लोविसकडे पाहिलं आणि त्याच्या बशीत आणखी एक पळी सूप वाढलं.

"अभिनंदन," ती म्हणाली.

ज्याची वर्षभर वाट पाहिली ते हे. त्यानं सूपाचा घोट घेतला, चव लागेना. तीन-तीन बरोबरी झाली, मग बेर्त्योनं आणखी एक मारला आणि निवेदक म्हणाला की तो आता प्रेक्षकांतल्या आपल्या आईकडे काठी उंचावतोय आणि माउली रडतेय.

क्लोविस उठला. रस्त्यावर थंडी अशी होती की खांबाला बांधलेल्या कुत्र्याच्या तोंडातूनही वाफेचा लोट सुटला होता. स्केटवर खुरडत तो गावभर धावला. तोंडासमोर हात धरून त्यानं फुंकून पाहिलं. काही दिसलं नाही. त्यानं आणखी जोरात फुंकलं. कुत्रा त्याच्याकडे बघून भुंकला नाही, नुसता जरा बाजूला सरकला.

मागच्या दारानं तो बाकाशी आला. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. त्यानं म्यानं काढली आणि फळीवरून उडी टाकली.

शिट्टी वाजली.

यंदा पहिल्यांदाच मोजल्यावरही सहा भरले. रिंक इतकी शांत झाली की छतावरून गळणाऱ्या थेंबाचा आवाज आला. दोन बावीस नंबर समोरासमोर उभे होते. दुसऱ्याच्या कपाळावर घाम होता, तोंडातून वाफ येत होती. चेहरा क्लोविसचाच, फक्त थोडा झोप झालेला. तो रागावलेला नव्हता. बसमध्ये आपली जागा कुणी मागितली तर माणूस बघतो, तसा बघत होता. वर आई उभी राहून हात हलवत होती. क्लोविसनं हात वर केला. तिची नजर त्याच्या खांद्याला चाटून पलीकडे जात होती.

पंचानं गास्पारला विचारलं, पिंजऱ्यात कोण जाणार?

गास्पारनं दोघांकडे पाहिलं. फार वेळ लावला नाही. हनुवटीनं क्लोविसकडे खूण केली.

"तो. त्याला सवय आहे."

क्लोविस गेला. दुसरं काय करता, पाय आपोआप तिकडे वळले. मस्यो ओनेझिमनी दार लावलं आणि पेपरमिंट पुढे केली. शिक्षा थोडी उरलेली असतानाच भोंगा वाजला. चार-तीन. सगळे एकमेकांवर पडले, आई खाली धावत आली आणि तिनं बावीस नंबरला मिठी मारली. ज्याच्या तोंडातून वाफ येत होती त्याला.

मस्यो ओनेझिमचा हात कडीवर गेला होता. तेवढ्यात पाहुण्या संघानं तक्रार केली. लीगच्या माणसानं तिथूनच फोन लावला आणि निकाल सांगितला. एकाच नावाचा एकच माणूस एकाच वेळी दोनदा खेळू शकत नाही, तशी नियमात तरतूद नाही, सबब हा सामना झालेला नाही. घड्याळ बंद केलं गेलं. मस्यो ओनेझिमनी हात कडीवरून काढून घेतला.

"सामना संपला असता तर उघडलं असतं, पोरा," ते म्हणाले. "पण झालाच नाही म्हणतात."

"मग माझी शिक्षा?"

"ती पंचानं दिली. माझ्या डोळ्यांदेखत."

क्लोविसनं कडीला हात घातला. ती हाताला लागत होती, उचलली जात नव्हती.

एप्रिलमध्ये बर्फ वितळवला. खाली सिमेंट निघालं. त्यावर बिंगो झाला, कुत्र्यांचं प्रदर्शन झालं, रेआलच्या मुलीचं लग्न झालं. लोक पिंजऱ्याच्या काचेवर कोट टाकून जायचे. पुढचा करार क्लोविस बेर्त्योशी झाला, आई त्याला दर आठवड्याला घरी भाजलेला साखरेचा पाई पाठवते आणि गिरणीचा विषय मिटला. तो दुसरा बावीस नंबर कधीमधी येतो, काचेला नाक लावून आत बघतो, त्याच्या श्वासानं काच बाहेरून धुरकट होते. मग तो बाहीनं पुसून जातो. काच आतून स्वच्छच असते.

शेवटी मस्यो ओनेझिमनी, एका कानानं ऐकत, पिंजऱ्यातल्या क्लोविसचा अर्ज लिहून घेतला आणि लीगच्या कार्यालयात पाठवला. तो असा:

माननीय मंडळास नम्र विनंती की, सदर सामना झालेला नाही हा आपला निर्णय अर्जदारास मान्य असून निकालाबाबत, गोलांबाबत अथवा आईबाबत त्याची कोणतीही तक्रार नाही. तथापि, अर्जदाराच्या शिक्षेचा जेवढा वेळ शिल्लक आहे केवळ तेवढ्यापुरता सदर सामना झाला होता असे कृपया मानण्यात यावे, आणि घड्याळ पुन्हा सुरू करण्याचे आदेश व्हावेत, ही विनंती.