चोवीस तास माझ्यासमोर

मित्रांनो, माझ्या पाठीला भलंमोठं कुबड आहे. यावरूनच ओळखा, मी किती जुना टीव्ही असेन! माझे नवे भाऊबंद भिंतीला पापडासारखे चिकटलेले असतात. मी मात्र अंबडच्या कामगार वसाहतीत, राजूभाऊंच्या बैठकीतल्या लोखंडी टेबलावर ऐसपैस बसलेला असतो. कारखान्यात जन्मलो, टेम्पोतून इथे आलो, आणि राजूभाऊंच्या वडिलांनी, पुंजारामबाबांनी, मला हळदकुंकू लावून हार घातला. काय थाट होता माझा!

राजूभाऊंना माझ्यातल्या पोलिसांचं भारी वेड. कामावरून आले की हातात चहा आणि समोर मी. इन्स्पेक्टर काळा चष्मा काढायचा, ढॅण्‌ढॅण् संगीत वाजायचं आणि वीस मिनिटांत खुनी गजाआड! गल्लीतले लोक राजूभाऊंना ‘साहेब’ म्हणून चिडवायचे. एकदा तर फुटलेल्या लोणच्याच्या बरणीवर पावडर टाकून त्यांनी बोटांचे ठसे शोधले होते. सगळे पोट धरून हसले. मीही फुशारलो. वाटलं, बघा, मी माणसांना शहाणं करतो! ते हसू आठवलं की आता माझ्या आतल्या तारा गार पडतात.

या डिसेंबरातली गोष्ट. बाबांना हल्ली विसरायला व्हायचं. दुपारी चारला राजूभाऊंच्या पत्नी सविताताई दळण आणायला गेल्या आणि परत येतात तो बाबा घरात नाहीत. राजूभाऊंनी मोटारसायकलवरून गल्ल्या पालथ्या घातल्या. सहा वाजले. सात वाजले. खिडकीतून येणारा वारा बोचायला लागला.

“अहो, चौकीत जाऊया ना,” सविताताई म्हणाल्या.

“अगं, चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेतच नाहीत ते. हाकलून देतील. रोज बघतेस ना?”

“ते टीव्हीतलं झालं.”

“टीव्हीवाले काय वेडे आहेत? आणि ऐका, बाबांच्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही. पुरावे जातात.”

त्यांनी खोलीला कडी घातली. वर सुतळीही बांधली!

त्यांची सातवीतली लेक चैताली रडवेली झाली. “पप्पा, मी फक्त एवढंच बघते, बाबांनी स्वेटर घातलाय का?”

“हात लावू नकोस म्हटलं ना!”

खरं सांगू? तो चोवीस तासांचा नियम खरा की खोटा, हे मलाही ठाऊक नव्हतं. मी नुसता बोलत आलो होतो. मला कुणी कधी विचारलं नाही आणि मीही कधी थांबलो नाही. त्या रात्री घरात कुणी झोपलं नाही.

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला राजूभाऊ चौकीत पोहोचले. अर्ध्या तासात एक पोलीस ताई त्यांच्यासोबत घरी आल्या. काळा चष्मा नाही, संगीत नाही. कानाला रुमाल, हातात वही आणि खोकला.

“काल चारला गेले, मग आज कसे आलात?”

“चोवीस तास व्हावे लागतात ना, मॅडम?”

“असा कुठला नियम? माणूस सापडत नाही म्हटल्यावर लगेच यायचं! कुणी सांगितलं तुम्हाला हे?”

घरातले तीनही चेहरे हळूहळू माझ्याकडे वळले. मी बंद होतो, तरी माझ्या काळ्या काचेत ते मला दिसत होते.

ताईंनी सुतळी तोडून बाबांची खोली उघडली. “बघ गं बाळा, इथलं काय दिसत नाहीये?”

“खुंटीवरची पिशवी,” चैताली लगेच म्हणाली. “बाबा सिन्नरला जाताना न्यायचे ती. तिकडे आमचं जुनं घर आहे, बंद असतं.” मग तिने खाटेकडे बोट दाखवलं. “आणि स्वेटर इथेच खाटेवर आहे.”

ताई फोनवर फोन लावत बसल्या. बसस्टँड, कंडक्टर, तिकडची चौकी. प्रत्येकाला तेच सांगायचं: पांढरी टोपी, उजवा पाय ओढत चालतात. कंटाळवाणं काम होतं ते. माझ्यात कधी दाखवलं नसतं कुणी. पण तासाभरात बाबा सापडले. बंद घरामागे, पायरीवरून घसरून पडलेले. खुबा मोडलेला. काल संध्याकाळपासून, अख्खी रात्र, उघड्यावर.

राजूभाऊ खाटेवरचा स्वेटर उचलून तसेच सिन्नरकडे निघाले.

तेव्हापासून मला कुणी लावलेलं नाही. माझ्यावर धूळ बसते आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही.

मित्रांनो, माझ्यातले पोलीस जरूर बघा, शिट्ट्या मारा. पण मला वीस मिनिटांत गोष्ट संपवायची असते आणि मध्ये साबणही विकायचा असतो, हे विसरू नका. घरातलं माणूस वेळेवर परतलं नाही, तर मी काय शिकवलं ते आठवत बसू नका. ११२ फिरवा. चौकी गाठा. कुणी “नंतर या” म्हटलं तरी हलू नका.

बाबा दवाखान्यात आहेत, आज पाचवा दिवस. डॉक्टर नुसतं “बघूया” म्हणतात. आत्ताच सविताताई दवाखान्यातून आल्या आणि बाबांचा डबा टेबलावर ठेवून तशाच उभ्या राहिल्या. आजही डबा जसा नेला होता, तसाच भरलेला आहे.