तेवीस मणी

चारुलताबाईंनी पाचव्यांदा मोजलं. पाचव्यांदाही तेवीसच.

प्रथिन म्हणजे मण्यांची लांबच लांब माळ, गुंडाळून गोळा झालेली. दामिनीच्या पोटातल्या बाळाच्या तपासणीत त्यातला एक मणी बदललेला निघाला होता. असा बदल डॉक्टरांनी कधी पाहिलेला नव्हता. तो गोळ्यात कुठे बसतो याचं चित्र काढणं हे बाईंचं काम. बाहेरच्या अंगाला असला तर बहुधा निभावतं. गाभ्यात असला तर सगळी घडीच विस्कटते. चार महिन्यांपूर्वी बाईंनी चित्रात त्या मण्याचा लाल ठिपका बाहेर दाखवला आणि वर दामिनीचा हात धरून "घाबरू नको वं" म्हणून मोकळ्या झाल्या. कुणी सांगितलं होतं हे शहाणपण?

माळ तयार झाली की तिचे पहिले तेवीस मणी गळून पडतात. तपासणीच्या अहवालाने ते धरून मोजलं होतं, चित्राच्या फाइलीने सोडून. नवशिक्यालाही ठाऊक असलेली गोष्ट बावीस वर्षं नोकरी केलेल्या बाईंकडून सुटली. तेवीस मणी पुढच्या त्या चुकीच्या जागीही नेमका त्याच जातीचा मणी होता, म्हणून शंकाही आली नाही. खरी जागा ऐन गाभ्यात होती.

"उद्या बोलावून घेऊ," डॉक्टर म्हणाले. बाईंना कुठला दम धरवतो! त्यांनी स्कूटर काढली आणि थेट सक्करदऱ्यातलं दामिनीचं घर गाठलं.

"ताई, तुमी? या न!" आठव्या महिन्याचं पोट सावरत दामिनीने दार उघडलं. बाईंनी उभ्या-उभ्याच सगळं सांगून टाकलं. दामिनीचं पहिलं पोरगं दीड वर्षाचं होऊन वारलं होतं. त्याने कधी मान धरलीच नाही.

"म्हंजे यालेबी तेच?"

"नक्की नाही सांगता येत. पण लक्षण ठीक दिसत नाही वं. माझी चूक झाली."

"तवाच समजलं असतं तं?"

उत्तर बाईंना ठाऊक होतं: तेव्हा गर्भपाताची मुदत उरलेली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रस्त्यावर कंपनीची बस थांबली. दामिनीने पदराने डोळे पुसले.

"हे आले हिंगण्याहून. आज त्यायले नका सांगू, ताई. उद्या ऐकतीलच."

हेमराजचा चेहरा बाईंना बघून फुलला. "अरे, ताई! दामिनी, बसवलं नाही काहून वं? ताई, तुमच्यामुळंच तं आमाले हिंमत आली."

त्याने डब्याच्या पिशवीतून इवलंसं पिवळं टोपडं काढलं. "पाहा बरं, लहान तं नाही होनार?"

चारुलताबाईंनी ते घेतलं आणि स्वतःच्या मुठीवर चढवून पाहिलं.

"होईल बरोबर," त्या म्हणाल्या.